कोणत्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कावीळ आणि विषाणूजन्य यकृतदाह (हिपॅटायटिस) यांविषयीच्या बातम्यांमध्ये ‘रक्तात प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) आढळली’ हे वाक्य वारंवार वाचायला मिळते. कधी ते संसर्गाचा पुरावा म्हणून येते, तर कधी लस लागू पडल्याची ग्वाही म्हणून. हेच वाक्य एका मजकुरात काळजीचे आणि दुसऱ्या मजकुरात दिलाशाचे ठरत असेल, तर वाचकाने त्यातून काय घ्यायचे? दोन्ही मजकूर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. उणीव एवढीच राहते की, ही प्रतिपिंडे विषाणूच्या नेमक्या कोणत्या प्रथिनाविरुद्धची आहेत, हे दोन्हींत सांगितलेले नसते. रक्तचाचण्यांच्या प्रयोगशाळेत माझे सारे नोकरीचे आयुष्य गेले. हातात अहवाल घेऊन विनाकारण धास्तावलेली आणि त्याहून वाईट म्हणजे विनाकारण निर्धास्त झालेली माणसे तिथे नेहमीच दिसत, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्रतिपिंड हे स्वतःही एक प्रथिनच असते. त्याच्या दोन बाहूंची टोके विषाणूच्या प्रथिनावरील एखाद्या लहानशा जागेला, म्हणजे मोजक्या अमिनो आम्लांनी घडलेल्या उंचवट्याला किंवा खोबणीला, नेमकी बसतात. हा बंध कायमचा रासायनिक जोड नसतो. विद्युतभारांचे आकर्षण, हायड्रोजन बंध, पाण्यापासून दूर राहू पाहणाऱ्या भागांची जवळीक अशा अनेक दुबळ्या ओढींची ती बेरीज असते, आणि म्हणूनच जागेचा आकार जरासा बदलला तरी पकड सुटते. ‘शरीराने विषाणू ओळखला’ असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात प्रत्येक प्रतिपिंड एका प्रथिनावरची एक जागा ओळखते. ती जागा विषाणूच्या बाहेरच्या अंगाला आहे का आणि पेशीत शिरण्यासाठी विषाणूला तिची गरज आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर प्रतिपिंड संरक्षण देते. नसतील तर ते निव्वळ साक्षीदार ठरते. विषाणू येऊन गेला किंवा आलेला आहे, एवढेच ते सांगू शकते.

हिपॅटायटिस बीच्या विषाणूत हा भेद सर्वांत स्पष्ट दिसतो. या विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिनाला पृष्ठभागीय प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला धरते तो पदार्थ म्हणजे प्रतिजन) म्हणतात. अहवालावर ते ‘एचबीएसएजी’ या नावाने येते. त्याचा शोधही प्रतिपिंडामुळेच लागला. बारूक ब्लुमबर्ग आणि त्यांचे सहकारी निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील प्रथिनांमधले भेद शोधत होते. ज्यांना अनेकदा दुसऱ्यांचे रक्त चढवावे लागले आहे, त्यांच्या रक्तात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असणार, हा त्यांचा तर्क होता. आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरात केलेल्या दोन खळग्यांपैकी एकात अशा एका हिमोफिलियाच्या रुग्णाचे सीरम (रक्त साकळल्यावर वेगळा होणारा द्रव) आणि दुसऱ्यात ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीचे सीरम ठेवल्यावर, दोन्ही द्रव झिरपत जिथे भेटले तिथे एक बारीक पांढुरकी रेघ उमटली. प्रतिपिंड आणि प्रतिजन यांचे जाळे विणले जाऊन साका बसला होता. १९६५ साली हे प्रथिन ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ या नावाने प्रसिद्ध झाले, पुढे काही वर्षांत त्याचा काविळीशी संबंध उलगडला आणि १९७६ साली ब्लुमबर्ग नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. हा विषाणू मुळात कोणी शोधत नव्हते, ही गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते.

या आवरण-प्रथिनाचे रक्तातील प्रमाण पाहिले की विषाणूचा डाव लक्षात येतो. संपूर्ण विषाणूकण सुमारे ४२ नॅनोमीटर व्यासाचा असतो. त्याच्या बरोबरीने संसर्गित यकृतपेशी सुमारे २२ नॅनोमीटरचे गोल कण आणि त्याच जाडीचे लांबुडके तंतू रक्तात सोडत राहतात. यांत विषाणूचे जनुकीय द्रव्य नसते. आत माणूस नसलेले हे नुसते अंगरखे. त्यांची संख्या खऱ्या विषाणूकणांच्या हजारपट ते लाखपट असू शकते. पृष्ठभागीय प्रतिजनाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे या रिकाम्या कणांवरच खर्ची पडतात आणि खरा विषाणू त्या गर्दीतून निसटतो. दीर्घकालीन संसर्ग असलेल्या व्यक्तीच्या रक्तात ही प्रतिपिंडे बहुधा सापडत नाहीत, यामागे एक कारण हेही आहे की, जी काही बनतात ती प्रतिजनाला चिकटलेली असतात आणि चाचणीत पकडण्याजोगी मोकळी उरत नाहीत. प्रतिजनाचा सततचा मारा सोसून प्रतिकारयंत्रणाच हळूहळू निष्प्रभ होते, हे दुसरे कारण.

याच्या उलट, ज्याच्या रक्तातून पृष्ठभागीय प्रतिजन नाहीसे झाले आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे ‘अँटी-एचबीएस’, मोकळी दिसू लागली, तो बरा झाला असे सर्वसाधारणपणे मानतात. लसीचे कामही एवढेच असते. १९८६ साली वापरात आलेल्या पुनर्संयोजित लसीत यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतलेले केवळ हे आवरण-प्रथिन असते. ते सुटे न राहता आपण होऊन कणांच्या रूपात जुळते आणि म्हणूनच विषाणूवरच्या जागांचा आकार त्यात टिकून राहतो. लसीकरण पूर्ण झाल्यानंतर मिलीलिटरमागे १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकके किंवा अधिक अँटी-एचबीएस आढळल्यास संरक्षण मिळाले असे समजतात. पुढे काही वर्षांनी हा आकडा त्याखाली उतरला, तरी पहिल्यांदा नीट प्रतिसाद दिलेल्या निरोगी माणसाच्या पेशींमध्ये स्मृती शिल्लक असते, तेव्हा आकडा घटला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. लस घेतल्यानंतर काही दिवस लसीतलेच प्रथिन रक्तात सापडून एचबीएसएजीची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. नुकतीच लस घेतलेल्या रक्तदात्याला ही साधी गोष्ट कोणी सांगितलेली नसली, तर त्याच्या घरात हलकल्लोळ उडतो.

विषाणूच्या गाभ्यातील प्रथिनाची गोष्ट वेगळी आहे. हे प्रथिन आवरणाच्या आत झाकलेले असल्यामुळे ते रक्तात मोकळे सापडत नाही; त्याविरुद्धची प्रतिपिंडे मात्र भरपूर तयार होतात आणि बहुधा आयुष्यभर टिकतात. अहवालात त्यांना ‘अँटी-एचबीसी’ किंवा ‘अँटी-कोअर’ म्हणतात. अखंड विषाणूच्या गाभ्यापर्यंत ती पोहोचूच शकत नसल्याने संरक्षणाच्या कामी ती येत नाहीत, परंतु साक्षीदार म्हणून त्यांच्याइतके विश्वासू दुसरे कोणी नाही. लसीत गाभ्याचे प्रथिन नसते. त्यामुळे ज्याच्या रक्तात केवळ अँटी-एचबीएस आहे त्याने लस घेतलेली असते आणि ज्याच्या रक्तात अँटी-एचबीएसबरोबर अँटी-कोअरही आहे त्याला प्रत्यक्ष संसर्ग होऊन गेलेला असतो. तीव्र आजार ओसरताना एक काळ असा येतो की, पृष्ठभागीय प्रतिजन दिसेनासे झालेले असते आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे अजून दिसू लागलेली नसतात. त्या मधल्या काळात गाभ्याविरुद्धचे आयजीएम, म्हणजे संसर्गाच्या सुरुवातीला बनणारे, प्रतिपिंड एवढाच काय तो पुरावा रक्तात सापडतो. नुसती एचबीएसएजीची चाचणी करून ‘काही नाही’ असे सांगितले जाते ते अनेकदा याच काळात.

गाभ्याच्या प्रथिनाचा एक सख्खा भाऊबंद आहे, तो म्हणजे ई प्रतिजन. त्याच जनुकातून, थोड्या आधीपासून वाचन सुरू होऊन, हे प्रथिन तयार होते आणि कणात न बसता थेट रक्तात सोडले जाते. विषाणूच्या वाढीसाठी त्याची गरज नसते. प्रतिकारयंत्रणेला सहनशील बनवणे हे त्याचे काम असावे, असे मानले जाते. ते गर्भवतीच्या रक्तातून वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकते. जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी संसर्ग झालेल्या सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये तो कायमचा ठाण मांडतो आणि प्रौढपणी झालेला संसर्ग ५ टक्क्यांहून कमी लोकांत टिकून राहतो, या तफावतीमागे बाळाची अपरिपक्व प्रतिकारयंत्रणा आणि हे प्रथिन अशी दोन्ही कारणे दिली जातात. म्हणूनच बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस द्यायचा असतो, आणि आई संसर्गित असल्यास त्याच्या जोडीला तयार अँटी-एचबीएस प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात. ई प्रतिजन जाऊन त्याविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे ‘अँटी-एचबीई’, येणे हे सहसा चांगले लक्षण. तथापि विषाणूच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे ई प्रतिजन बनणेच बंद होते आणि विषाणू मात्र पूर्वीसारखाच वाढत राहतो, असेही घडते. तिथे अँटी-एचबीई पाहून सुटकेचा निःश्वास टाकणे धोक्याचे असते.

एका अमिनो आम्लाने किती फरक पडतो, याचे उदाहरण १९९० साली प्रसिद्ध झाले. इटलीत संसर्गित आईच्या पोटी जन्मलेल्या एका बाळाला लस आणि तयार प्रतिपिंडे दोन्ही देऊनही संसर्ग झाला होता. त्याच्या विषाणूत पृष्ठभागीय प्रतिजनाच्या १४५व्या स्थानी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन आले होते. संरक्षक प्रतिपिंडे ज्या वळशाला धरतात, त्या ‘ए’ निर्धारक नावाच्या भागात हे स्थान येते. तिथे मोठ्या आकाराचे व धनभार असलेले अमिनो आम्ल येताच प्रतिपिंडाची पकड ढिली पडली. असा बदललेला विषाणू काही चाचण्यांच्याही नजरेतून सुटू शकतो, कारण चाचणीही प्रतिपिंडाच्याच पकडीवर चालते. एलायझा या नेहमीच्या रक्तचाचणीच्या प्लेटमधील खळग्याच्या तळाशी प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. त्यांनी सीरममधले प्रतिजन धरले, धुण्यात ते वाहून गेले नाही आणि विकर (एन्झाइम) जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्यावर बसले, तरच शेवटी आम्ल घातल्यावर खळगा पिवळा होतो. प्रतिपिंडाला जागा ओळखता आली नाही, तर रंग नाही. याचा अर्थ लस कुचकामी ठरली असा कोणी काढू नये. असे विषाणू आढळू लागल्याला तीन दशके उलटली तरी लसीकरण झालेल्या पिढ्यांमधील संसर्गाचे प्रमाण घटतेच आहे.

प्रतिपिंड आणि प्रतिजन यांची गाठ पडणे नेहमी हितकारकच असते, हा समजही दुरुस्त करायला हवा. दोहोंचे रक्तातील प्रमाण विशिष्ट मर्यादेत आले की, त्यांचे संकुल रक्तवाहिन्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या गाळणीच्या भिंतींवर साचते व तिथे दाह सुरू होतो. हिपॅटायटिस बीच्या काही रुग्णांना कावीळ दिसण्यापूर्वीच सांधेदुखी आणि अंगावर पित्ताच्या गांधी येतात, त्या यामुळेच. मध्यम आकाराच्या धमन्यांचा दाह करणारा पॉलिआर्टरायटिस नोडोसा हा आजार आणि लहान मुलांमधील मूत्रपिंडाचा एक विकार यांचाही या संकुलांशी संबंध आहे. यकृताची हानी मुख्यतः प्रतिपिंडांमुळे होत नाही. संसर्गित पेशी मारणाऱ्या टी-पेशी ती घडवून आणतात. पण यकृताबाहेरच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा प्रतिपिंडांच्या याच संकुलांत असते.

हिपॅटायटिस सीकडे वळताना मात्र वाचकाने वरची ‘अँटी-एचबीएस म्हणजे संरक्षण’ ही समजूत बाजूला ठेवली पाहिजे. या विषाणूचा शोधही प्रतिपिंडानेच लावला. मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संसर्गित चिंपांझीच्या रक्तातील जनुकीय तुकडे जिवाणूंमध्ये घालून सुमारे १० लाख वसाहती तपासल्या. ज्या रुग्णाच्या सीरममध्ये या अज्ञात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे असावीत असा कयास होता, ते सीरम त्यांवर टाकल्यावर एका वसाहतीतील प्रथिन धरले गेले आणि त्या एका धाग्यावरून १९८९ साली विषाणू उजेडात आला. हार्वी ऑल्टर आणि चार्ल्स राइस यांच्यासह हॉटन यांना २०२० साली नोबेल मिळाले. जो तुकडा धरला गेला तो विषाणूच्या आवरणाचा नव्हता, ही गोष्ट इथे महत्त्वाची. पेशीच्या आत विषाणूच्या प्रती काढणाऱ्या यंत्रणेतील एनएस-४ या प्रथिनाचा तो अंश होता. आजच्या चाचण्याही प्रामुख्याने गाभ्याच्या आणि अशा अंतर्गत प्रथिनांविरुद्धचीच प्रतिपिंडे मोजतात. मोकळ्या विषाणूच्या अंगावर जी प्रथिने नाहीतच, त्यांच्याविरुद्धचे प्रतिपिंड त्याला अडवणार तरी कसे? ‘अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह’ याचा अर्थ या विषाणूशी कधी तरी गाठ पडली होती, इतकाच. साधारण १५ ते ४५ टक्के लोकांमध्ये हा संसर्ग उपचारांविना आपोआप नाहीसा होतो आणि नव्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात; प्रतिपिंडे मात्र दोन्ही प्रकारच्या लोकांत वर्षानुवर्षे राहतात. विषाणू आज रक्तात आहे की नाही, हे आरएनएच्या, म्हणजे विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या, चाचणीने कळते. संसर्गित आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात, म्हणून बाळाची प्रतिपिंड-चाचणी १८ महिन्यांपूर्वी केली तर तिचा निष्कर्ष दिशाभूल करतो.

आवरणाविरुद्धची प्रतिपिंडेही शरीर बनवते, पण विषाणू त्यांना दाद देत नाही. ई-२ या आवरण-प्रथिनाच्या टोकाला २७ अमिनो आम्लांचा एक अतिपरिवर्ती भाग असतो आणि प्रतिपिंडे त्याच्यावरच लक्ष केंद्रित करतात. दररोज सुमारे १ लाख कोटी नवे कण तयार होत असताना आणि नकला काढणाऱ्या विकराला चुका दुरुस्त करण्याची सोय नसताना, हा भाग बदलायला कितीसा वेळ लागणार? पेशीला चिकटण्याची खरी जागा, म्हणजे पेशीवरील सीडी-८१ या प्रथिनाला धरणारा भाग, फारशी बदलत नाही. तिच्यावर साखरेच्या साखळ्यांचे आच्छादन असते आणि शिवाय हा विषाणू रक्तातील मेद-प्रथिनांमध्ये गुरफटून फिरतो. हिपॅटायटिस सीची लस अद्याप आलेली नाही, याचे एक मोठे कारण यातच आहे. बरे झालेल्या माणसाला पुन्हा संसर्ग होऊ शकतो याचेही.

याच आजारात प्रतिपिंडांचे एक विलक्षण रूप प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येते. काही रुग्णांमध्ये विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांनाच धरणारी आयजीएम जातीची प्रतिपिंडे तयार होतात आणि ही सारी संकुले थंडीत गोठतात. रक्त काढल्यापासून ते साकळेपर्यंत नळी ३७ अंश सेल्सिअसला ठेवायची, मग वेगळे केलेले स्वच्छ सीरम ४ अंशांना काही दिवस ठेवायचे, की तळाशी पांढरा साका दिसू लागतो. नळी पुन्हा उबदार पाण्यात धरली की तो विरघळून जातो. रक्त सुरुवातीलाच थंड झाले तर हा साका गुठळीबरोबर टाकून दिला जातो आणि अहवाल खोटाच निगेटिव्ह येतो. पायांवर जांभळट ठिपके, सांधेदुखी, मूत्रपिंडांची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचे निदान कधी कधी या एका नळीच्या तापमानावर लटकलेले असते.

उरलेल्या तीन विषाणूंबद्दल थोडक्यात. हिपॅटायटिस ए आणि ई यांच्या निदानाला आयजीएम प्रतिपिंडे पुरतात. एचा विषाणू विष्ठेत उघडा असतो, पण रक्तात तो पेशीचेच पटल पांघरून फिरतो आणि त्याच्या प्रथिनांपर्यंत प्रतिपिंडांना थेट पोहोचता येत नाही, हे २०१३ साली दिसून आले. तरीही त्याची लस उत्तम संरक्षण देते. मारिओ रिझेत्तो यांना १९७७ साली आढळलेला डेल्टा, म्हणजे हिपॅटायटिस डी, बीचेच आवरण उसने घेतो, त्यामुळे बीच्या लसीची प्रतिपिंडे त्यालाही अडवतात.

आपल्या वार्ताहरांकडे माझी मागणी मोठी नाही. यकृतदाहाच्या बातमीत प्रतिपिंडांचा उल्लेख आला की ती पृष्ठभागीय प्रथिनाविरुद्धची, गाभ्याविरुद्धची की अँटी-एचसीव्ही, हे संबंधित डॉक्टरांना विचारून छापावे. एखाद्या शिबिरात अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आलेल्या सर्वांना ‘रुग्ण’ म्हणून मोजू नये. आरएनएची चाचणी झालेली नसेल तर तसे लिहावे. जागेची अडचण मी समजू शकते, पण ‘प्रतिपिंडे आढळली, विषाणूची चाचणी बाकी’ एवढे पाच शब्द कोणत्याही रकान्यात मावतात. आणि ज्या वाचकांच्या जुन्या अहवालात अँटी-कोअर पॉझिटिव्ह अशी नोंद आहे, त्यांनी तो कागद जपून ठेवावा. बरे झाल्यानंतरही विषाणूचे जनुकीय द्रव्य यकृतपेशींच्या केंद्रकात दबा धरून राहते, आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशीच नष्ट करणारे रिटुक्सिमॅबसारखे औषध किंवा कर्करोगाची केमोथेरपी सुरू झाल्यावर ते पुन्हा जागे होऊ शकते. उपचारांपूर्वी ती नोंद डॉक्टरांना दाखवली, तर प्रतिबंधक गोळ्या वेळेत सुरू करता येतात.

आपली,
रक्तचाचणी प्रयोगशाळेतील एक निवृत्त तंत्रज्ञ